स्थानकाची नोंद आणि प्रवासाचा वेळ

प्रास्ताविक

मागील घटकात आपण कोशवाङ्मयाचे प्रकार पाहिले. शब्दकोश, चरित्रकोश, संस्कृतिकोश, स्थलकोश आणि सर्वविषयसंग्राहक ज्ञानकोश यांतील भेद आपल्या परिचयाचे झाले आहेत. या घटकात आपण संपूर्ण कोशाकडे न पाहता नोंदीतल्या केवळ एका वाक्याकडे पाहणार आहोत. रेल्वे स्थानकावरील नोंदीत ‘अमुक शहरातून येथे येण्यास इतके तास लागतात’ असे वाक्य असावे की नसावे, एवढाच आपला प्रश्न आहे. प्रश्न लहान आहे. तथापि नोंद कोणासाठी लिहायची, ती किती काळ टिकावी आणि मराठी क्रियापदाचा काळ तिच्यात नेमके काय काम करतो, हे तीनही विषय या एका वाक्यात येऊन मिळतात. म्हणून सावकाश वाचा.

एक गृहपाठ

पंचवटीतील एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्कसत्रात मी विद्यार्थ्यांना ‘नाशिक रोड’ या स्थानकावर दीडशे शब्दांची कोशनोंद लिहिण्यास सांगितले होते. विषय मुद्दाम निवडलेला होता. त्या स्थानकावरून गेलेला नाही असा विद्यार्थी वर्गात नव्हता, आणि परिचित गोष्टीवर नोंद लिहिणे हे अपरिचित गोष्टीवर लिहिण्याहून अवघड असते.

रामकुंडाजवळ फुलांचे दुकान चालवणाऱ्या एका विद्यार्थिनीने चांगली नोंद लिहिली होती. तिचे शेवटचे वाक्य असे : ‘मुंबईहून येथे येण्यास सुमारे तीन तास लागतात.’ तिने ते वाचताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, “ताई, कोणत्या गाडीने?” विचारणारे विद्यार्थी रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ होते. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी ते बी. ए. करीत होते आणि त्यांच्या शंका सहसा सोप्या नसत. विद्यार्थिनीने उत्तर दिले, “काका, माझ्या दुकानात येणाऱ्या भाविकाला एकशे सत्त्याऐंशी किलोमीटर सांगून काय उपयोग? तो विचारतो, परत घरी किती वाजता पोहोचू?”

त्या दिवशी उरलेला तास याच वादात गेला. पुढील विवेचन बरेचसे त्या तासातून आलेले आहे.

वाक्यात काय काय गृहीत आहे?

‘मुंबईहून येथे येण्यास सुमारे तीन तास लागतात’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. बोलण्यात तर ते पूर्णही आहे. कोशात मात्र ते आले की त्याच्या रिकाम्या जागा दिसू लागतात.

पहिली रिकामी जागा ‘मुंबई’ हीच. मुंबई म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस की ठाणे? दुसरी जागा गाडीची. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत एक्स्प्रेस नाशिक रोडला अडीच तासांहून थोड्या अधिक वेळात पोहोचते. पंचवटी एक्स्प्रेसला सुमारे साडेतीन तास लागतात. लांब पल्ल्याच्या काही गाड्यांना चार किंवा त्याहून अधिक तास लागतात. मग ‘तीन तास’ ही कोणाची वेळ? ती कदाचित सर्वांची सरासरी असेल, पण त्या सरासरीने धावणारी एकही गाडी फलाटावर येत नाही.

याखेरीज वेळापत्रकातील वेळ आणि प्रत्यक्ष लागलेली वेळ यांत फरक असतो. ऋतूचाही फरक असतो. कोकण रेल्वेवर दर पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लागू होते. दरडी कोसळण्याच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी ठेवतात, त्यामुळे त्याच गाडीला त्याच अंतरासाठी जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये वेगवेगळा वेळ लागतो. रत्नागिरी स्थानकाच्या नोंदीत एकच आकडा द्यायचा ठरवला, तर तो वर्षातील काही महिने चुकीचा ठरेल हे लिहितानाच ठाऊक असते.

आता एक गमतीची गोष्ट. पंचवटी एक्स्प्रेस पंचवटीला जात नाही. पंचवटीला रेल्वे स्थानकच नाही. गोदावरीच्या डाव्या तीरावरील काळाराम मंदिर, सीतागुंफा, रामकुंडाचा परिसर हे सारे नाशिक रोड स्थानकापासून नऊ-दहा किलोमीटर अंतरावर आहे. स्थानकाच्या नावातील ‘रोड’ हा शब्द तेच सांगतो. डहाणू रोड, सावंतवाडी रोड या नावांतही तो आहे : मूळ गाव येथून दूर आहे, हा त्या गावाकडे जाणारा रस्ता आहे. म्हणजे फुलवाल्या विद्यार्थिनीच्या भाविकाचा प्रवास नाशिक रोडच्या फलाटावर संपत नाही. तेथून रिक्षा किंवा शहर बस, आणि मग पायी. सिंहस्थाच्या पर्वणीला वाहने दूरच थांबवतात. त्या दिवशी याच नऊ-दहा किलोमीटरना किती वेळ लागेल, हे कोणत्याही संपादकाला सांगता येणार नाही.

मराठी भाषेने अंतर कसे मोजले?

येथे विद्यार्थिनीची बाजूही नीट ऐकली पाहिजे, कारण तिच्या पाठीशी भाषेचा मोठा इतिहास उभा आहे. मराठीत अंतर सांगण्याचे जुने शब्द पाहिले, तर त्यांतील कितीतरी शब्द मुळात वेळ किंवा शरीर मोजतात. ‘मजल’ म्हणजे एका दिवसात होणारी वाटचाल. ‘मजल दरमजल’ या प्रयोगात अंतर आणि दिवस एकमेकांपासून वेगळे काढताच येत नाहीत. ‘हाकेच्या अंतरावर’ हे माप माणसाच्या आवाजाचे आहे. आजही गावात ‘तालुक्याचं ठिकाण किती लांब?’ असे विचारले, तर ‘एसटीने पाऊण तास’ असे उत्तर मिळते. ते उत्तर विचारणाऱ्याला पुरते. किलोमीटर हे रस्त्याचे माप झाले, आणि विचारणाऱ्याला आपला दिवस मोजायचा असतो.

प्रवासवर्णनात हेच माप सहजपणे येते. विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे १८५७ च्या धामधुमीतील अनुभवांचे पुस्तक १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे प्रवासाचे दिवस आणि मुक्काम हे कथनाचे अंगच आहेत, कारण चालणारा माणूस एक आहे आणि त्याचा प्रवास एकदाच घडलेला आहे. अशा लेखनात ‘किती दिवस लागले’ हे सत्य कायमचे सत्य राहते. याउलट महानुभाव परंपरेतील ‘स्थानपोथी’ आठवा. चक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थानांची ती नोंदच आहे. तिचा भर दिशांवर आणि एका स्थानाच्या संदर्भात दुसऱ्या स्थानाच्या जागेवर आहे. पुढच्या पिढीतील भक्ताने ते ठिकाण ओळखावे, हा तिचा हेतू आहे. मराठीतील स्थलनोंदीची ही जुनी परंपरा बदलणाऱ्या गोष्टीपेक्षा टिकणाऱ्या गोष्टीकडे झुकते, हे मला महत्त्वाचे वाटते.

कोशकारांचा व्यवहार

श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी संपादित केलेल्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे तेवीस खंड आहेत. त्यांतील गावांच्या नोंदींत गाव कोणत्या रेल्वेवर आहे हे सांगण्याची पद्धत दिसते, आणि त्या रेल्वेचे नाव अनेकदा ‘जी. आय. पी. रेल्वे’ असे असते. त्या रेल्वेचे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी मध्य रेल्वेत रूपांतर झाले. म्हणजे गाव रेल्वेवर आहे ही माहिती टिकली, रेल्वेचे नाव मात्र जुने झाले. तरीही वाचकाची फसवणूक होत नाही, कारण नावच आपला काळ सांगते.

वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली सुरू झालेल्या ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि विसावा खंड २०१५ मध्ये पूर्ण झाला. दोन्हींमध्ये एकोणचाळीस वर्षांचे अंतर आहे. आता कल्पना करा की प्रत्येक शहराच्या नोंदीत मुंबईहून लागणारा रेल्वेचा वेळ दिला असता, तर काय झाले असते? वर्णानुक्रमाने आरंभी येणाऱ्या अकोल्याचा वेळ एका युगातला आणि शेवटी येणाऱ्या शहरांचा वेळ दुसऱ्या युगातला ठरला असता. दोन्ही खंड शेजारी ठेवून वाचणाऱ्याने त्यांची तुलना केली असती, आणि ती तुलना पूर्णतः निरर्थक झाली असती.

लोकसंख्याही बदलते, मग ती का देतात, असे तुम्ही विचाराल. विश्वकोशातील गावांच्या नोंदी काढून पाहा. लोकसंख्येच्या आकड्यापुढे कंसात जनगणनेचे वर्ष असते. त्या चार अंकांनी वाक्याचे स्वरूपच पालटते. ‘लोकसंख्या इतकी आहे’ हे विधान राहत नाही, ‘त्या वर्षीच्या गणनेत इतकी भरली’ असे ते होते, आणि असे विधान कधीही खोटे होत नाही. शिवाय जनगणना ही एकच मोजणी आहे, एकाच अधिकृत संस्थेने, सर्व गावांसाठी, एकाच वेळी केलेली. प्रवासाच्या वेळेला असा एकच मोजणारा नाही. वर्ष कंसात घातले तरी ‘कोणत्या गाडीने, ताई?’ हा प्रश्न उरतोच.

वेळापत्रक हा वेगळा वाङ्मयप्रकार आहे, आणि त्याला स्वतःची प्रतिष्ठा आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज ब्रॅडशॉ यांनी १८३९ मध्ये रेल्वेची वेळापत्रके एकत्र करून छापली. पुढे ‘ब्रॅडशॉ’ हे नावच त्या प्रकारच्या पुस्तकाला मिळाले. वेळापत्रकाच्या मुखपृष्ठावर ते कधीपासून लागू आहे हे छापलेले असते, आणि नवे आले की जुने रद्दीत जाते. कोणी तक्रार करीत नाही. ज्ञानकोश मात्र ग्रंथालयाच्या कपाटात पन्नास वर्षे उभा राहतो आणि प्रत्येक वाचकाशी आजच लिहिल्यासारखा बोलतो. संकेतस्थळावरील कोश रोज दुरुस्त करता येतो हे खरे. परंतु दुरुस्त करता येणे आणि दुरुस्त होणे यांत अंतर आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लिहिणारे हात मोजके आहेत. त्या हातांनी दर नव्या वेळापत्रकानंतर शेकडो स्थानकांचे आकडे बदलत बसावे, की अद्याप ज्यांवर एक ओळही नाही अशा स्थानकांवर लिहावे? माझे उत्तर दुसऱ्या बाजूने आहे.

‘लागतात’, ‘लागत’, ‘लागले’

आता भाषेकडे येऊ. तीन वाक्ये पाहा.

‘मनमाडहून मुंबईला जाण्यास साडेचार तास लागतात.’
‘मनमाडहून मुंबईला जाण्यास साडेचार तास लागत.’
‘मनमाडहून मुंबईला जाण्यास साडेचार तास लागले.’

पहिल्या वाक्यातील क्रिया नेहमीची आहे, तिला आरंभ नाही आणि शेवटही नाही. ‘गोदावरी पूर्वेकडे वाहते’ या वाक्यात आपण हेच रूप वापरतो. म्हणून ‘लागतात’ हे रूप वेळापत्रकातील एका ओळीला नदीच्या प्रवाहाचे स्थैर्य बहाल करते. ही या वाक्याची खरी अडचण आहे. आकडा चुकीचा असण्याआधीच रूप चुकीचे आश्वासन देते. दुसऱ्या वाक्यात रीतिभूतकाळ आहे : एके काळी असे होते, आता तसे नसावे. वाचक लगेच विचारतो, केव्हा? तिसऱ्यात एकदाच घडलेली, पूर्ण झालेली क्रिया आहे. तिला कर्ता आणि तारीख जोडावीच लागते.

कोशनोंदीत सर्वांत सावधपणे वापरावयाचे शब्द म्हणजे बोलणाऱ्याच्या क्षणाला चिकटलेले शब्द : ‘सध्या’, ‘हल्ली’, ‘आता’, ‘नुकतेच’, ‘लवकरच’. ‘येथे नुकताच नवा पूल बांधण्यात आला आहे’ असे छापलेला पूल पुढे जुना होतो, धोकादायक ठरतो, पाडलाही जातो. पुस्तकात तो नुकताच बांधलेलाच राहतो. ‘सुमारे’ हा शब्द मात्र वेगळा. तो आकड्याची अचूकता सैल करतो, काळ सैल करीत नाही. विद्यार्थी अनेकदा ‘सुमारे’ घालून निर्धास्त होतात. ‘सुमारे तीन तास लागतात’ यात तीनचे साडेतीन होऊ शकतात, पण ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर ‘सुमारे’ देत नाही.

पहिल्या प्रवासाची वेळ

प्रवासाचा वेळ नोंदीत कधीच येऊ नये, असे मात्र मी म्हणत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेल्या गाडीचे उदाहरण घेऊ. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिने, आणि एकवीस मैलांचे, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरांचे अंतर. या प्रवासाला किती वेळ लागला, हे ठाणे स्थानकाच्या नोंदीत यायलाच हवे. ती घटना आहे, एकदाच घडलेली आहे, आणि बैलगाडीच्या तुलनेत काय बदलले ते त्या वेळेवरूनच कळते.

परंतु तुम्ही दोन-चार पुस्तके उघडलीत, तर कोठे सत्तावन्न मिनिटे लागल्याचे लिहिलेले आढळेल आणि कोठे सव्वा तास. दोन्ही आकडे वर्षानुवर्षे एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदत आहेत. यांत वाटेतील थांबा धरला आहे की केवळ गाडी धावली तो वेळ, की एक आकडा साफ चुकीचा आहे, हे दुय्यम पुस्तकांवरून ठरत नाही. अशा वेळी नोंदलेखकाने आवडता आकडा उचलू नये. दोन्ही द्यावेत आणि मतभेद आहे असे सांगावे. देशातील सर्वांत गाजलेल्या रेल्वेप्रवासाच्या वेळेची ही गत असेल, तर ‘मुंबईहून तीन तास’ या वाक्याकडे किती विश्वासाने पाहावे, याचा विचार करा.

जुन्या वेळांबाबत आणखी एक सापळा आहे. भारतीय प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. त्यापूर्वी रेल्वे मद्रास वेळेवर चालत, आणि मुंबई शहर आपल्या स्थानिक वेळेवर, जी मद्रास वेळेपेक्षा सुमारे अर्धा तास मागे होती. १९०६ नंतरही मुंबईने आपली वेळ सोडली नाही. प्रमाण वेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत रेंगाळत राहिली. घरातील घड्याळ पाहून निघालेल्याची गाडी चुकण्यास एवढे पुरेसे होते. जुन्या पत्रात ‘अमुक वाजता निघालो, तमुक वाजता पोहोचलो’ असे वाचून वजाबाकी करण्यापूर्वी दोन्ही वेळा एकाच घड्याळाच्या आहेत का, हे तपासा.

वेळ जेथे स्थानकाचा स्वभाव सांगते

काही ठिकाणी वेळ हीच त्या वस्तूची ओळख असते. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ–माथेरान ही छोटी गाडी सुमारे एकवीस किलोमीटरना दोन तासांहून अधिक वेळ घेते. येथे वेळ सांगितली नाही, तर नोंद अपुरी राहील. त्या संथपणात अरुंद रूळ, तीव्र वळणे आणि चढ हे सारे सामावलेले आहे, आणि लोक तेवढ्यासाठीच त्या गाडीत बसतात. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली तेव्हा मुंबई–पुणे अंतर सुमारे पावणेतीन तासांत कापीत असे. पुढे तिला तीन तासांहून अधिक वेळ लागू लागला. ही माहितीही कोशात शोभते, पण ती त्या गाडीच्या नोंदीत, पुणे स्थानकाच्या नव्हे.

नाशिकच्या मार्गावर असे एक स्थान आहे, ते म्हणजे इगतपुरी. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट १८६५ च्या आरंभी खुला झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक आहे, म्हणजे सदतीस मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. रेल्वेसाठी हा फारच खडा चढ. म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिने जोडतात, रेल्वेचे लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती गाडीला वर ढकलतात आणि इगतपुरीला सुटतात. त्यात भर म्हणजे मुंबईच्या बाजूला १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह आणि इगतपुरीच्या पुढे २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, अशी व्यवस्था अनेक वर्षे होती. त्यामुळे पुष्कळ गाड्यांचे इंजिन तेथे बदलावे लागे. मुंबई परिसरातही प्रत्यावर्ती प्रवाह आल्यावर ती गरज संपली. आमच्या गार्डकाकांनी वर्गात हे सांगितले तेव्हा विद्यार्थिनी म्हणाली, “मग हेच लिहायचं ना, वेळ का लागतो ते!” त्या तासातले सर्वांत उपयोगी वाक्य ते होते. किती वेळ लागतो हे वेळापत्रक सांगेल. का लागतो, हे सांगणारा कोशच.

याच न्यायाने नाशिकची ट्रामही नोंदीत यावी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नाशिक शहर आणि नाशिक रोड स्थानक यांना जोडणारी ट्राम सुरू झाली. आरंभी ती घोडे ओढत. १९३० च्या दशकाच्या आरंभी ती बंद पडली. स्थानक गावापासून किती दूर होते, आणि ते अंतर गावाला किती जाणवत होते, याचा यापेक्षा ठळक पुरावा मिळणार नाही.

एक वैयक्तिक प्रसंग

माझ्या मताला एका जुन्या अनुभवाची किनार आहे हे लपवत नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी मला मुंबईतील एका महाविद्यालयात मुलाखतीस जायचे होते. घरात दूरध्वनी नव्हता, वेळापत्रक नव्हते. ग्रंथालयात जिल्ह्याची माहिती देणारे एक जाडजूड पुस्तक होते. त्यात नाशिक रोडपुढे ‘मुंबई : तीन तास’ असे स्वच्छ छापलेले होते. त्या हिशेबाने मी निघालो, आणि त्या वेळी फलाटावर होती ती गाडी धरली. ती इगतपुरीला थांबली, कसाऱ्याला थांबली, कल्याणच्या अलीकडे बराच वेळ उभी राहिली. मी पोहोचलो तेव्हा मुलाखती आटोपून समिती उठली होती. शिपायाने पाणी दिले, एवढे आठवते.

पुस्तकातील आकडा खोटा होता असे नाही. कोण्या एका वर्षी, कोण्या एका गाडीने तो खरा असणार. माझा दोष असा की मी कोशाला वेळापत्रक समजलो. पुस्तकाचा दोष असा की त्याने मला तसे समजू दिले. त्यानंतर मी संदर्भग्रंथांतील ‘लागतात’ या शब्दापाशी थांबू लागलो, आणि विद्यार्थ्यांनाही थांबायला लावतो. दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. तुमच्यातील कित्येक जण नांदगाव, मनमाड, लासलगावहून परीक्षाकेंद्रावर येतात, आणि एक पेपर चुकला तर वर्ष पुढे जाते.

नोंदीचे पुनर्लेखन

वर्गाने मिळून नोंद पुन्हा लिहिली. तिचा मसुदा असा :

‘नाशिक रोड : मध्य रेल्वेच्या मुंबई–भुसावळ मार्गावरील, देवळाली व ओढा यांच्या दरम्यानचे स्थानक. मुंबईपासून लोहमार्गाने सु. १८७ किमी. नाशिक शहराच्या आग्नेयेस असून पंचवटीपासून सु. ९ ते १० किमी. दूर आहे. मार्गाची बांधणी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने केली. मुंबईहून येताना कसारा–इगतपुरी दरम्यानच्या थळ घाटात सदतीसास एक असा चढ असल्याने गाड्यांना मागून जादा इंजिने जोडावी लागतात. त्यामुळे या टप्प्यात गाड्यांचा वेग मंद असतो. स्थानक ते शहर अशी ट्राम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९३० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालत होती. मनमाड–मुंबई पंचवटी एक्स्प्रेस १ नोव्हेंबर १९७५ पासून सुरू झाली; सकाळी मुंबईला जाऊन रात्री परतण्याची सोय तिने केली.’

शेवटच्या वाक्यावर थोडा वाद झाला. ‘सकाळी’ आणि ‘रात्री’ यांतही वेळ आहेच की, असे एकाने म्हटले. मी ते राहू दिले. पंचवटी एक्स्प्रेसची मिनिटे वेळोवेळी बदलली, परंतु नाशिकच्या नोकरदाराला मुंबईत दिवसभर काम करून त्याच रात्री घरी येता येते, ही तिची मूळ कल्पना आहे. नाशिकच्या कितीतरी घरांचा दिनक्रम या गाडीवर बेतलेला आहे. मिनिटांचा आकडा न देताही प्रवासाच्या वेळेचा अर्थ येथे आला आहे.

विद्यार्थिनीचे समाधान पूर्णपणे झाले नाही. “तरी माझ्या भाविकाला काय सांगू?” असे तिने जाता जाता विचारले. गार्डकाका म्हणाले, “ताई, त्याला आधी गाडी कोणती ते विचार.” तिने दुकानात फळ्यावर त्या महिन्याच्या गाड्यांच्या वेळा लिहिण्यास सुरुवात केली आहे, आणि वरच्या कोपऱ्यात महिना आणि साल खडूने लिहिते, असे तिने नंतर सांगितले.

स्वाध्याय

आपल्या गावाजवळच्या रेल्वे स्थानकावर किंवा एसटी स्थानकावर दीडशे शब्दांची कोशनोंद लिहा. नोंद लिहून झाल्यावर तीतील प्रत्येक क्रियापद अधोरेखित करा, आणि ‘आहे’, ‘असते’, ‘लागतात’ अशी रूपे जेथे आली असतील तेथे हे विधान वीस वर्षांनी खरे राहील का, असे स्वतःला विचारा. जे राहणार नाही त्याला वर्ष जोडा किंवा ते काढून टाका. त्यानंतर त्याच स्थानकाविषयी गावातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला पूर्वी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जाण्यास किती वेळ लागे, हे विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत, कोणत्या सालाची गोष्ट आहे ते नोंदवून, स्वतंत्र कागदावर लिहून काढा आणि पुढील संपर्कसत्रास येताना दोन्ही कागद सोबत आणा.